निकमांच्या मुलाची वीस मिनिटं

गळ्यात बिल्ला नसलेला असा त्या दालनात एकच माणूस होता. तो कॉफीच्या रांगेत नव्हता, पुस्तकांच्या टेबलांपाशीही नव्हता. जिन्याजवळच्या खांबाला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या छातीकडे टक लावून बघत उभा होता.

छातीकडे बघण्यात तसं नवीन काही नाही. गणिताच्या परिषदेत कुणी कुणाच्या तोंडाकडे आधी बघतच नाही. बिल्ल्यावर दोन ओळी असतात. वर नाव, खाली संस्था. नजर आधी खालच्या ओळीवर जाते, मग वरच्या, आणि वेळ उरलाच तर चेहऱ्यावर. खालची ओळ वजनदार असेल तर हात पुढे होतो, मध्यम असेल तर मान हलते, आणि हलकी असेल तर समोरच्याला एकाएकी कॉफीची तल्लफ येते. मी परिषद भरली होती त्याच गावातल्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवत होते, म्हणजे माझी ओळ मान हलवण्यापुरती. कोण कुणाशी किती हसतंय यावरून कुणाचं कसं चाललंय हे मला दारातून सांगता यायचं. खरं सांगायचं तर गणितापेक्षा ही विद्या मला जास्त आली.

पण हा माणूस खालची ओळ वाचत नव्हता. वरचं नाव वाचायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. वय सत्तरीच्या आसपास. तपकिरी कोट, त्याच्या आत हातानं विणलेला स्वेटर, डोक्याला कानटोपी. एप्रिल होता, पण ओहायोतला एप्रिल. पार्किंगच्या कडेला काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग अजून पडून होते.

मी जवळून गेले तसा तो पुढे झाला. "रूम टू वन फोर?"

"वरच्या मजल्यावर. जिना चढून डावीकडे," मी मराठीत सांगितलं.

त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "रेगे वाचलं म्हणून तर तुम्हाला विचारलं, बाई. नाहीतर इंग्रजीत विचारायचं आणि इंग्रजीतलं उत्तर ऐकायचं, दोन्हीकडून त्रास."

बाई. मला त्या देशात कुणी बाई म्हटलं नव्हतं. शाळेतला माणूस, हे मी तिथंच ओळखलं. शामराव निकम, विट्याच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. भाचा किरण इथून दोन तासांवर नोकरीला. त्यानं सकाळी गाडीनं सोडलं होतं, संध्याकाळी न्यायला येणार होता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. परिषदेच्या कार्यक्रमाचं एक पान, भाच्यानं संगणकावरून काढून दिलेलं. त्यातल्या एका नावाखाली लाल शाईनं रेघ मारली होती, पट्टी लावून. धैर्यशील निकम, दहा चाळीस, खोली दोनशे चौदा.

"मुलगा माझा. बोलणार आहे आज."

मी म्हटलं, त्या सत्राची अध्यक्ष मीच आहे. अध्यक्ष म्हणजे फार काही नसतं. नावं पुकारायची आणि वेळ संपत आली की पिवळा कागद दाखवायचा. पण त्यांना ते फार मोठं वाटलं असावं, कारण त्यांनी कानटोपी काढली. मग आम्ही कॉफी घेऊन भिंतीलगतच्या बाकावर बसलो आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. उशिरा समजणाऱ्या विद्यार्थ्याला समजवावं तसं, एकेक पायरी न गाळता.

धैर्यशीलची आई गेल्या श्रावणात गेली होती. धैर्यशीलला ते अजून माहीत नव्हतं.

चैत्रात पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, फार दिवस नाहीत. आणि नेमकं त्याच्या थोडं आधी मुलानं फोनवर सांगितलं होतं की यंदा त्याचं कायम होण्याचं वर्ष आहे. सगळं काम तपासतात, मार्चमध्ये निकाल लागतो, ठेवतात नाहीतर काढतात. तोवर मला फोन करू नका, मीच करीन, मान वर करायला सवड नाही. मग निकमांनी सगळ्या पाहुण्यांना घरी बोलावून शब्द घेतला. किरणकडूनही घेतला. पोराला कुणी काही कळवायचं नाही.

"ती विचारायची का?" मी म्हटलं.

"दोनदा विचारलं. मग तिचं तिलाच पटलं. आधी कळलं तर तो सगळं टाकून येईल." ते कपात बघत होते. "आणि आला असता हो, बाई. तोच तर घोर होता. अग्नी पुतण्यानं दिला."

यात मला धक्का बसण्यासारखं काही नव्हतं, हेच वाईट. परदेशातल्या पोरांच्या परीक्षा आणि घरातली मरणं यांची गाठ पडू द्यायची नाही, हा आपल्या घरांतला दंडकच आहे. माझ्या ओळखीच्या एकीची आजी वारून सहा महिने झाले तरी फोनवर झोपलेलीच असायची. शेवटी तिनं विचारलं, आजी जागी कधी असते? तेव्हा रडारड झाली.

पण तो सगळा काळ तरी तिच्या घरचे फोन उचलत होते. इथं दिवाळीनंतर मुलाचाही फोन आला नव्हता. मार्च सरला तेव्हा निकमांनी ठरवलं की आता निकाल लागला असणार, आता सांगायला हरकत नाही. पण नंबर बंद, पत्ता बदललेला, मेलला उत्तर नाही. जगातल्या इतक्या जागांमध्ये आपल्या मुलाचं नाव, वेळ आणि खोली नंबरासकट छापलेली ही एकच जागा भाच्याला सापडली.

"आधी त्याचं भाषण होऊ दे," ते म्हणाले. "मग बाजूला घेऊन सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. मी लपवलं, मीच सांगणार. तुम्हाला सांगितलं ते आपलं, मन मोकळं झालं म्हणून. तुम्ही काही बोलू नका."

मी हो म्हटलं. मग त्यांनी कागदावर नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे नवीन आहे. आधी दुसरं होतं. कायम झाल्यावर मोठ्या ठिकाणी बोलावलं असणार. एल्मफोर्ड. मोठी आहे का युनिव्हर्सिटी?"

मी ती ओळ वाचली. एल्मफोर्ड, ओहायो. त्यापुढं काही नाही.

आमच्याकडे पद्धत आहे. ज्याला कुठलीच संस्था नाही त्यानं अर्जात त्या जागी आपल्या गावाचं नाव लिहायचं. ओळ कोरी ठेवता येत नाही. त्यामुळे कार्यक्रमात विद्यापीठांच्या रांगेत मधूनच एखादं नुसतं गाव दिसतं, आणि ते बघितलं की आम्ही सगळे समजून असतो. कुणी त्याबद्दल बोलत नाही. अशा माणसाच्या भाषणाला गर्दीही होत नाही. हे असं होऊ शकतं ही गोष्ट विट्याच्या हायस्कुलात कळायचं काही कारण नव्हतं.

"मी त्या बाजूला फारशी गेले नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

आम्ही वर गेलो. खोली दोनशे चौदा म्हणजे साधा वर्ग. खडूचा फळा, तीस-चाळीस बाकं, मागच्या बाजूला दार, दाराला उभी काच. पाच-सहा जण आधीच विखरून बसले होते. प्रत्येकानं आपल्यात आणि दुसऱ्यात किमान तीन बाकं ठेवलेली. निकम तिसऱ्या रांगेत मधोमध बसले, मी त्यांच्या शेजारी. पहिला वक्ता एक धिप्पाड तरुण होता, केंटकीहून आलेला. त्यानं फळ्याच्या मध्यावर सुरुवात केली, उजवीकडे गेला, जागा संपली तेव्हा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात घुसला आणि शेवटी मुख्य समीकरण खाली गुडघ्याच्या उंचीवर, वाकून, लिहिलं. निकम माझ्याकडे झुकून पुटपुटले, "याला कुणी फळा शिकवलाच नाही." मला हसू आलं. मग म्हणाले, "धैर्यशीलचा बघा आता. डावीकडून सुरू, उजवीकडे संपणार. पाचवीत असल्यापासून रोज संध्याकाळी उभा करायचो फळ्यापुढं. गणित सुटल्याशिवाय जेवण नाही." हे ते फुशारकीनं सांगत होते की कसं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

केंटकीवाला संपला. टाळ्या, एक प्रश्न, बाकांचे आवाज. दहा चाळीस झाले. कुणी आलं नाही.

मी पाचेक मिनिटं वाट बघितली. मग उभी राहून सांगितलं की वक्ते आलेले दिसत नाहीत, पुढचं व्याख्यान अकरा दहाला त्याच्या वेळेवरच होईल. माणसं उठली आणि शेजारच्या खोल्यांत पांगली. निकम उठले नाहीत.

"पुढच्याला बोलवा की मग," ते म्हणाले. "याचा नंबर नंतर लावा. वाटेत असेल."

त्यांना समजवावं लागलं. तसं करता येत नाही. शेजारी आणखी सात खोल्यांत व्याख्यानं चालू असतात, लोक घड्याळ बघून या खोलीतून त्या खोलीत जातात. एकाची वेळ पुढं-मागं केली तर सगळ्यांचं बिघडतं. म्हणून जो आला नाही त्याची वीस मिनिटं, आणि प्रश्नांसाठीची पुढची दहा, तशीच ठेवायची. त्यात कुणाला घालायचं नाही. आणि अध्यक्षानं खोलीत बसून राहायचं, न जाणो तो आलाच तर.

"म्हणजे अजून त्याचीच वेळ चालू आहे."

"हो."

त्यांना हा नियम एकदम पसंत पडला. ते उठले, फळ्याजवळ गेले, डस्टर घेतलं आणि केंटकीवाल्याची सगळी पसरवापसरव पुसायला लागले. वरून खाली, सरळ पट्ट्यांत, एकीला दुसरी लागून. मधेच डस्टर खिडकीबाहेर हात काढून झटकलं. कोटावर पांढरी भुकटी उडत होती, त्याचं त्यांना काही नव्हतं.

तेव्हा मला दाराच्या काचेत माणूस दिसला.

वाढलेली दाढी, निळं जाकीट, गळ्यात बिल्ला. हातात कागदांची गुंडाळी. त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता, पण मूठ फिरवली नव्हती. तो माझ्याकडे बघतच नव्हता. फळा पुसणाऱ्या त्या पाठीकडे बघत होता. ती पाठ त्यानं किती वर्षं, किती संध्याकाळी बघितली असेल. मग काच रिकामी झाली.

मी निकमांना म्हटलं, पाणी घेऊन येते. ते म्हणाले, या, मी आहे इथं, आला तर थांबवतो.

तो खालच्या कोटांच्या खोलीत सापडला. हॅंगरवरून ओव्हरकोट काढत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि सवयीनं, अगदी सवयीनं, माझी नजर त्याच्या बिल्ल्यावरच्या खालच्या ओळीवर गेली. त्याला ते कळलं. त्यानं बिल्ला उलटा केला.

"सॉरी, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "मला यायला जमलं नाही असं लिहा."

"वडील आलेत तुझे," मी मराठीत म्हटलं.

"दिसले."

बराच वेळ तो ओव्हरकोटाची एक बाही शोधत होता. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला, अशा माणसासारखा ज्याला खूप दिवसांत कुणी विचारलेलंच नाही. नोकरी मागच्या मे महिन्यात नव्हे, त्याच्याही आदल्या मे महिन्यात गेली. तीन वर्षांचं कंत्राट होतं, वाढवलं नाही. ग्रीन कार्ड तेवढं झालेलं होतं म्हणून राहता आलं. पन्नास-साठ ठिकाणी अर्ज केले. आता एल्मफोर्डमध्ये एका गोदामात सामान उतरवून घ्यायचं काम. इथं कुणाचाही निबंध घेतात, म्हणून पाठवला. वाटलं, कुणी ओळखीचं भेटेल, कुठं जागा असेल. सकाळपासून तो हिंडत होता. सगळ्यांना कॉफी हवी होती.

"आणि कायम व्हायचं वर्ष?" मी विचारलं.

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "घरी सांगायला काहीतरी हवं होतं ना. तेव्हा नोकरी जाऊन दहा-अकरा महिने झाले होते. आण्णा दर रविवारी फोन करायचे, काय शिकवतोस, किती मुलं आहेत. रोज नवीन काय सांगणार? म्हणून म्हटलं, वर्षभर फोन करू नका, परीक्षेसारखं आहे. परीक्षा म्हटलं की आण्णा दाराबाहेरसुद्धा कुणाला मोठ्यानं बोलू देत नाहीत. शब्द पाळला त्यांनी. खरंच फोन केला नाही. मीच सणावाराला दोन-दोन मिनिटं करायचो. आई नेहमी देवळात गेलेली असायची."

मी हॅंगरला लावलेल्या कोटांकडे बघत राहिले.

"तुम्ही त्यांना सांगा, गाडी बंद पडली. कुठं नोकरी लागली की मीच जाईन घरी." त्यानं ओव्हरकोट घातला. "आई आली असती तर आत आलो असतो. आईला सांगून टाकलं असतं सगळं. तिनं बघितलं असतं मग आण्णांचं, कसं नि कधी सांगायचं ते." आणि बटण लावता लावता, सहज, "ती का नाही आली? गुडघे?"

मी त्यांना शब्द दिला होता. काही बोलणार नाही म्हणून. म्हणून मी एवढंच म्हटलं, "आत चल. ते सांगतील."

माणसं देशाबाहेर राहिली की त्यांना हे एक वाक्य ओळखता येतं. त्याचा हात बटणावरच राहिला. त्यानं काय झालं असं विचारलंच नाही.

"कधी?" तो म्हणाला.

"श्रावणात."

तो मनातल्या मनात इंग्रजी महिना लावत होता. "ऑगस्ट," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये तर मी घरात होतो. गोदामाचं काम ऑक्टोबरला लागलं. ऑगस्टमध्ये मी दिवसभर नुसता बसून होतो, मॅडम. केव्हाही आलो असतो. मला का नाही कुणी—" आणि तिथं तो थांबला, कारण उत्तर मला द्यावंच लागलं नाही. ते त्याचं त्यालाच सापडलं. चेहऱ्यावर ते वरून खाली उतरताना मी बघितलं. तसं बघायला नको होतं, पण माझे डोळे सवयीचे.

आता दोघांच्याही बाजू माझ्याकडे पूर्ण झाल्या होत्या. त्यांनी ज्या निकालासाठी बायकोचं मरण लपवलं तो निकाल कधी लागायचाच नव्हता. आणि यानं जी सबब सांगितली तिनं याला आईच्या चितेपासून दूर ठेवलं. यातलं एक जरी वरच्या खोलीत पोचलं असतं तरी तो म्हातारा पुन्हा उभा राहिला नसता.

तो तळघराकडे जाणाऱ्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले नाही. तेवढी आमची ओळख नव्हती.

"त्यांना काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"एल्मफोर्डला युनिव्हर्सिटी आहे असं वाटतंय."

त्यावर त्यानं मान हलवली, हळूहळू, बराच वेळ. मग उठला. ओव्हरकोट काढून पुन्हा हॅंगरला लावला, खांदे नीट बसवून, आणि बिल्ला काढून खिशात टाकला.

आम्ही वर आलो तेव्हा निकम पहिल्या रांगेत सरकून बसले होते. फळा स्वच्छ, काळाभोर. मुलगा आत आला तसे ते उठले. तो पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला मधेच धरलं.

"ते नंतर. आधी तुझं काम. उशीर केलास, पण वेळ तुझीच आहे अजून, बाईंनी ठेवलीय. दाढी का वाढवलीस?"

"राहिली, आण्णा."

"बोल."

मला नाव पुकारणं भाग होतं. नुसतं नाव सांगून मी बसायला लागले, तर निकमांनी बोटानं खूण केली, पुढचंही. मी पुन्हा उभी राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "एल्मफोर्ड." ते समाधानानं मागे टेकले.

खोलीत आम्ही तिघंच. त्यानं कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि उघडलीच नाही. एक वाक्य इंग्रजीत बोलला, वडिलांकडे बघितलं, आणि मराठीत सुरू केलं. हे गणित त्यानं मराठीत कधी उच्चारलं नव्हतं, ते लगेच कळत होतं. प्रत्येक दुसऱ्या शब्दाशी अडायचा. एखादी संख्या घ्यायची आणि तिचे लहान संख्यांच्या बेरजेत किती प्रकारे तुकडे पडतात ते मोजायचं. त्यानं पाच घेतला. पाच. चार अधिक एक. तीन अधिक दोन. डावीकडून, एकाखाली एक, एका मापाचे आकडे.

"सात," निकम मधेच म्हणाले. त्यांनी बोटांवर आधीच मोजलं होतं.

"सात. आता यातले फक्त असे घ्या, आण्णा, ज्यांत सगळे तुकडे, ते आपलं, ऑड—"

"विषम."

"विषम आहेत. तीन निघतात. आणि आता असे घ्या ज्यांत एकही तुकडा पुन्हा आलेला नाही."

निकमांचे ओठ हलत होते. "तीनच."

"तीनच. कुठलीही संख्या घ्या, दोन्हीकडे सारखेच येतात."

"नेहमी?"

"नेहमी."

"का?"

त्यानं ते सिद्ध करून दाखवलं. हे काही त्याचं स्वतःचं काम नव्हतं, फार जुनी गोष्ट आहे. त्याचं काम याच्या कितीतरी पुढचं होतं आणि ते त्यानं सोडूनच दिलं. वडिलांना कळेल तेवढंच घेतलं. इतकं स्वच्छ व्याख्यान मी त्या परिषदेत दुसरं ऐकलं नाही, आणि अशा माणसाला पन्नास ठिकाणी नाही म्हणणारे आम्ही कोण लोक आहोत, हेही मनात आलं. खडू धरलेला हात स्थिर होता. आवाजही. शेवटची ओळ फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बरोबर बसली.

आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग रीतीप्रमाणे मी विचारलं, "काही प्रश्न?"

निकमांनी हात वर केला, कोपर बाकावर टेकवून, मुलं करतात तसा.

"कायम झालास?"

धैर्यशीलनं खडू खाली ठेवला.

"झालो, आण्णा."

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये."

"मग कळवलं का नाहीस?"

"तोंडी सांगायचं होतं."

निकमांनी डोळे मिटले आणि उघडले. मग बाकावर सरकून शेजारी जागा केली. "तोंडीच बरं असतं. बस इथं. मलाही तुला एक सांगायचंय."

मी दाराकडे गेले. अकरा दहाचा वक्ता बाहेर येऊन उभा होता, बगलेत लॅपटॉप. त्यानं काचेतून घड्याळ दाखवलं. नियमानं त्याचंच बरोबर होतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

निकमांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, एकही पायरी न गाळता. चैत्र, गाठ, डॉक्टर, पाहुण्यांचे शब्द. धैर्यशील ऐकत होता, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्यानं जिथं जे विचारायचं तिथं ते विचारत होता. "कधी?" हेही त्यानं विचारलं. एकदा ते माझ्यासमोर विचारून झालेलं होतं. पण मला विचाराल तर या खेपेला ते जास्त खरं वाटलं. आणि मग तो रडायला लागला तेव्हा त्यात ठरवून केलेलं काही उरलं नव्हतं. कपाळ बाकावर टेकलं होतं आणि आवाज येत नव्हता.

माझ्या पाठीमागे काचेवर टकटक झाली. मी हलले नाही.

निकमांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खडूची भुकटी लागलेला तो हात त्या निळ्या जाकिटावर पांढरा उमटला.

"तुला दोष नाही," ते म्हणाले. "मीच कळवू दिलं नाही. तिनं दोनदा तुझं नाव काढलं. मी म्हटलं, त्याचं वर्ष वाया जाईल. मग तिनं पुन्हा काढलं नाही." ते थांबले. त्यांना पुढचं सांगायला खरोखर बरं वाटत होतं. "आणि बघ. नाही गेलं वाया."

"नाही गेलं, आण्णा," तो बाकात तोंड ठेवूनच म्हणाला.